फोटो केक घरच्या घरी: खाण्याचा कागद, छपाई आणि ओलाव्याचा हिशोब

जुलैतली गोष्ट. आमच्याच इमारतीतल्या काकूंच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. काकूंनी एक कृष्णधवल फोटो आणून दिला. आजोबांच्या डोक्याला फेटा, दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, कडा पिवळ्या पडलेल्या. "हा केकवर हवा," एवढंच म्हणाल्या. खाण्याच्या कागदावर, म्हणजे शीटवर, छपाई सुंदर झाली. मी ती शीट टेबलावर तशीच उघडी ठेवून क्रीम फेटायला गेले. बाहेर धो धो पाऊस. अर्ध्या तासाने येऊन बघते, तर शीट मागच्या प्लास्टिकला अशी चिकटलेली की एक कोपरा सुटेना. जरा जोर लावला आणि फेटा मधोमध ताणला जाऊन फाटला. दुसरी शीट छापावी लागली.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. फोटो केकमध्ये प्रिंटर, शाई, फोटो हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण काम बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. हवेतलं पाणी, क्रीममधलं पाणी, फ्रीजमधून बाहेर काढल्यावर धरणारं दव. कुठल्या टप्प्यावर किती ओलावा चालतो हे समजलं की बाकीचं हाताला आपोआप वळण लागतं. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीला मी तेवढ्यासाठी थांबणार आहे.

आधी कागद ओळखा

दुकानात नुसती 'एडिबल शीट' मागितली की दोनपैकी एक काहीतरी हातात पडतं, आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला वेफर पेपर. बटाट्याचा स्टार्च, पाणी आणि थोडं तेल यांपासून तो बनतो. पुष्कळजण त्याला राइस पेपर म्हणतात, पण बेकिंगच्या दुकानातल्या या कागदात तांदूळ बहुधा नसतोच. हलका, कोरडा, किंचित आरपार दिसणारा. दोन कागद एकमेकांवर घासले तर वाळलेल्या पापडासारखा आवाज येतो. मागे प्लास्टिक नसतं. स्वस्त असतो, टिकतोही खूप. पण रंग त्यावर फिकट उतरतात, तोंडात तो टाळूला चिकटतो, आणि ओल्या क्रीमवर ठेवला की काही मिनिटांत सुरकुततो.

दुसरी आयसिंग शीट. हिलाच शुगर शीट किंवा फ्रॉस्टिंग शीट म्हणतात. स्टार्च, साखर, ग्लिसरीन आणि डिंकासारखे बांधून ठेवणारे पदार्थ यांचा पातळ थर प्लास्टिकच्या कागदावर पसरलेला असतो. ती मऊ असते, वाकते, चवीला हलकी गोड लागते. क्रीमवर बसवली की थोड्या वेळात क्रीममध्येच मुरते आणि फोटो जणू क्रीमवरच छापल्यासारखा दिसतो. माणसाचा चेहरा केकवर छापायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आयसिंग शीटच घ्या. तिथे पैसे वाचवू नका. वेफर पेपरचे उपयोग वेगळे आहेत, त्याकडे पुढे येते.

पाकीट घेताना तीन गोष्टी बघा: घटकांची यादी, संपण्याची तारीख आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. आपल्याकडे बिनअंड्याचा केक मागणारी गिऱ्हाइकं भरपूर असतात. केक बिनअंड्याचा आणि वरच्या शीटचं काहीच माहीत नाही, असं व्हायला नको. आणखी एक शब्द नीट वाचा. 'नॉन टॉक्सिक' म्हणजे विषारी नाही, एवढंच. त्याचा अर्थ खाण्याचं असा होत नाही. शाई असो, चमकी असो किंवा कागद, त्यावर तो खाद्यपदार्थ असल्याचं लिहिलेलं हवं. युरोपात राहणाऱ्या मराठी बेकरनी अजून एक बघावं. शीट पांढरीशुभ्र दिसावी म्हणून काही कंपन्या टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, म्हणजे ई १७१. युरोपियन युनियनने २०२२ पासून खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे इथून नेलेलं पाकीट तिथे विक्रीच्या केकवर वापरण्याआधी घटक वाचून घ्या.

प्रिंटर: नवाच हवा

लेझर प्रिंटर चालत नाही. त्यात टोनरची पूड असते आणि ती कागदावर उष्णतेने वितळवून बसवली जाते. ती पूड खाण्याची नाही आणि साखरेची शीट त्या उष्णतेत टिकणारही नाही. इंकजेटच हवा, आणि तोही पहिल्या दिवसापासून फक्त खाद्य शाईवर चालवलेला. घरातला जुना प्रिंटर धुऊन, टाकी रिकामी करून खाद्य शाई भरणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. जुनी शाई नळ्यांत, हेडमध्ये (कागदावर शाई सोडणाऱ्या भागात) आणि स्पंजात शिल्लक राहते, आणि ती केक खाणाऱ्या लहान मुलाच्या पोटात जाते.

घेताना एवढंच बघा, की कागद मागच्या बाजूने उभा लावता येतो का. एप्सनच्या एल मालिकेतले आणि कॅननच्या जी मालिकेतले असे बरेच इंक टँक प्रिंटर आहेत. ज्या प्रिंटरमध्ये कागद खालच्या खणातून जातो, तिथे तो आत वळून येतो. त्या वळणावर आयसिंग शीट तडकते आणि वेफर पेपर मोडतो. दोन कंपन्यांत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅननच्या या प्रिंटरचं हेड काढून साफ करता येतं, एप्सनचं हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं. खाद्य शाई लवकर सुकते, त्यामुळे कधीतरीच छपाई करणाऱ्याला काढता येणारं हेड सोयीचं पडतं.

शाईत पाणी, ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा द्रव आणि खाद्यरंग असतात. बाटलीवर रंगांचे क्रमांक छापलेले असले पाहिजेत. आपल्याकडे नेहमी दिसणारे म्हणजे टार्ट्राझीन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसीन १२२, पॉन्सो १२४, एरिथ्रोसीन १२७, ब्रिलियंट ब्लू १३३. क्रमांकच नसलेली बाटली दुकानात तशीच ठेवून या. टार्ट्राझीनने काही थोड्या लोकांना अंगावर गांध्या उठतात, म्हणून ऑर्डर घेताना ॲलर्जीबद्दल विचारायची सवय ठेवा.

प्रिंटर दर दोन-तीन दिवसांनी थोडा चालवत राहा. साध्या कागदावर नोझल चेकचं, म्हणजे शाईची छिद्रं तपासणारं, एक पान काढलं तरी पुरतं. मे महिन्यात गावाला जाऊन दहा-पंधरा दिवसांनी परतलात तर पहिलं पान रेघारेघांचं येईल. तेव्हा एकदा हेड क्लीनिंग करा, दहा मिनिटं थांबा, परत तपासा. एकामागून एक पाच वेळा क्लीनिंग केलं तर शाई नुसती वाया जाते आणि मुरायला वेळ न मिळाल्याने आतली गाठ काही सुटत नाही.

प्रिंटर नसेल तर

महिन्याला दोन-तीनच फोटो केक होत असतील तर प्रिंटर घेऊच नका, बाहेरून छापून आणा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, आणि आता जवळपास प्रत्येक मोठ्या गावात, केकचं सामान विकणारे छापूनही देतात. पहिल्यांदा जाल तेव्हा प्रिंटर प्रत्यक्ष बघा. तो फक्त खाद्य शाईवर चालतो का, शीटचं पाकीट कुठलं, असं सरळ विचारा. मन लावून काम करणारा दुकानदार न कुरकुरता दाखवतो. छापलेली शीट सपाट पुठ्ठ्यावर ठेवून, हवाबंद पिशवीत घालून आणा. गुंडाळी करून रबर लावून देत असतील तर नको म्हणा, त्यावर पडलेल्या चिरा नंतर जात नाहीत.

फोटो तयार करणं

सगळ्यात आधी माप. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो आणि कडेचा थोडा भाग प्रिंटर सोडतो, म्हणजे रुंदीला हातात जेमतेम आठ इंच उरतात. अर्ध्या किलोचा केक साधारण सहा इंची साच्यात होतो, एक किलोचा आठ इंची. क्रीम लावल्यावर केक थोडा वाढतो, पण वर काठाने पायपिंग, म्हणजे क्रीमची नक्षी, करायला जागा लागते. म्हणून सहा इंची केकला पाच इंचांचा गोल आणि आठ इंची केकला साडेसहा ते सात इंचांचा गोल घ्या. दहा इंची केकवर दोन शीट जोडून मोठा फोटो करायचा मोह होतो. जोड दिसतोच. त्यापेक्षा सात इंची फोटो मध्ये ठेवा आणि भोवतीची जागा क्रीमच्या फुलांनी भरा.

सात इंचांच्या फोटोला प्रत्येक इंचात ३०० ठिपके धरले तर २१०० पिक्सेल लागतात. साखरेच्या पृष्ठभागावर शाई थोडी पसरतेच, त्यामुळे २०० ठिपकेही चालून जातात, म्हणजे १४०० पिक्सेल. अडचण येते ती व्हॉट्सॲपवर चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोची. मूळ ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे त्यांच्याकडूनच मागवा आणि 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही.

खाद्य शाईत पांढरा रंग नसतो. फोटोतला पांढरा म्हणजे शीटचाच पांढरेपणा. काळाही खरा गडद काळा उतरत नाही, कारण तो खाद्यरंगांच्या मिश्रणातून येतो. म्हणून फोटो छापण्याआधी उजेड थोडा वाढवा, सावल्या उघडा, आणि त्वचेत लाली जास्त दिसत असेल तर ती कमी करा. मोबाइलच्या पडद्यावर 'थोडा जास्तच उजळ झाला' असं वाटेल तेवढा उजळ ठेवला की केकवर बरोबर दिसतो. मागची बाजू काळी किंवा गडद निळी असेल तर ती काढून फिकट करा. हे नुसतं दिसण्यासाठी नाही. गडद भागावर शाई जास्त ओतली जाते, म्हणजे शीटवर पाणी जास्त, म्हणजे ती वाळायला वेळ, नंतर रंग ओघळायची भीती, आणि खाणाऱ्याची जीभ निळीजांभळी होते ती वेगळीच. जास्त शाईची किंचित कडवट चवही लागते.

आजी-आजोबांच्या फोटोने मला इथे एक धडा दिला. कृष्णधवल फोटो तसाच छापला तर करडा भाग हिरवट किंवा जांभळट येतो, चेहरे आजारी वाटतात. तो आधी बदामी तपकिरी छटेत बदलून घ्या. जुना फोटो त्या छटेत मूळपेक्षाही जास्त आपलासा वाटतो, आणि शाईलाही ते काम सोपं जातं.

फोटोखाली मराठी मजकूर टाकायचा असेल तर युनिकोड फॉन्ट वापरा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे दोन्ही केकवर छान वाचता येतात, कारण त्यांची रेघ फार बारीक नाही. बारीक रेघांचे, लफ्फेदार फॉन्ट क्रीमवर मुरल्यावर पुसट होतात. मजकूर चित्रासोबतच पीएनजी करून टाका, नाहीतर दुसऱ्या संगणकावर 'हार्दिक'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. आणि छापण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. 'शुभेच्छा'चं 'शुभेच्या' झालेलं आपल्या डोळ्यांना दिसत नाही, समारंभात मात्र सगळ्यांना दिसतं.

छपाई

आधी तोच फोटो साध्या कागदावर काढा, गोल कापा आणि रिकाम्या साच्यात ठेवून बघा. माप चुकलं तर इथेच कळतं. प्रिंटच्या सेटिंगमध्ये 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून प्रमाण १०० टक्के ठेवा, नाहीतर सात इंचांचा गोल न सांगता साडेसहाचा होतो. कागदाचा प्रकार मॅट किंवा साधा, दर्जा उत्तम. फोटो पेपरचा चकचकीत पर्याय निवडला तर बरेच प्रिंटर जास्त शाई सोडतात.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पाकिटातून एकच शीट काढा आणि लगेच पाकीट बंद करा. बाकीच्या शीट बाहेर पडून राहिल्या की पुढच्या आठवड्यात त्यांचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. शीट फ्रीजमध्ये साठवू नका. कपाटात, अंधारात, हवाबंद पिशवीत सपाट ठेवा.

मागच्या ट्रेमध्ये एका वेळी एकच शीट, छापायची बाजू पुढे. आत ओढताना हाताने हलका आधार द्या, पण ढकलू नका. आयसिंग शीट असेल तर प्लास्टिकची कड सुटलेली नाही ना, ते बघा. सुटलेली कड रोलरमध्ये अडकली तर साखरेचे तुकडे आत पडतात. वेफर पेपरची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. गुळगुळीत बाजूवर चित्र रेखीव येतं. महिन्यातून एकदा रोलर सुक्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, वेफरची पांढरी पूड तिथे जमत असते.

छापून आली की शीट सपाट ठेवून वाळू द्या. कोरड्या हवेत पंधरा मिनिटं, पावसाळ्यात अर्धा तास. पंखा थेट तिच्यावर नको, कडा वर वळतात. बोटाने तपासायचं तर चित्राबाहेरच्या कोपऱ्यावर तपासा. वाळली की लगेच पिशवीत, मग क्रीम फेटायला जा. माझी चूक झाली ती नेमकी इथे.

उन्हापासूनही जपा. गुलाबी छटेसाठी वापरतात तो एरिथ्रोसीन उजेडात झपाट्याने उडतो. खिडकीत ठेवलेल्या फोटोतली गालांची लाली संध्याकाळपर्यंत फिकी पडते.

शीट सोडवणं

नवीन माणूस घाबरतो ते इथेच, आणि घाबरून शीट वर ओढतो. शीट ओढायचीच नाही. प्लास्टिक ओढायचं.

कात्रीने गोल प्लास्टिकसकट कापून घ्या. मग टेबलाच्या कडेवर शीट चित्र वर करून ठेवा, कड दोन सेंटिमीटर बाहेर. एका हाताचा तळवा शीटवर हलका ठेवा, दुसऱ्या हाताने खालचं प्लास्टिक टेबलाच्या कडेवरून सरळ खाली खेचत जा. प्लास्टिक खाली जातं आणि शीट टेबलाच्या पातळीत पुढे सरकत येते, तिच्यावर ताण पडत नाही. बर्फीवर वर्ख लावताना हलवाई जसा कागद धरून वर्ख मोकळा करतो, हात तितकाच हलका ठेवायचा.

सुटत नसेल तर तिने हवेतला ओलावा ओढलेला आहे. सपाट ताटलीवर ठेवून फ्रीझरमध्ये एक-दोन मिनिटं ठेवा, बाहेर काढल्या काढल्या सोडवा. जास्त वेळ ठेवली तर बाहेर आल्यावर दव धरेल आणि काम आणखी बिघडेल. दुसरा उपाय हेअर ड्रायरचा. शीट उलटी करून फक्त प्लास्टिकच्या बाजूने, कमी उष्णतेवर, दहा-पंधरा सेकंद. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मी हे दर वेळी करतेच, सुटते की नाही याची वाट न बघता.

विदर्भात मे महिन्यात नेमकं उलटं होतं. शीट सोडवताना बिस्किटासारखी तडकते. तिथे ती वापरण्याआधी पाच-सात मिनिटं स्वयंपाकघरात मोकळी ठेवा, जिथे नुकतं काहीतरी शिजलं आहे. वाफेवर मात्र धरू नका.

केकचा पृष्ठभाग आणि बसवणं

आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप क्रीमचे असतात, म्हणून आधी त्याबद्दल. क्रीम घट्ट पण गुळगुळीत फेटलेलं हवं. जास्त फेटून दाणेदार झालं की त्यातून पाणी सुटतं, आणि ते पाणी थेट फोटोत चढतं. स्पंजला साखरपाणी लावताना हात आखडता ठेवा, निदान वरच्या थराला. वरचा पृष्ठभाग पॅलेट नाइफने सपाट करा. तिथला प्रत्येक खड्डा नंतर आजोबांच्या गालावर दिसतो. मग केक वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून क्रीम बसू द्या. बाहेर काढल्यावर बोट हलकेच लावून बघा. बोटाला क्रीम न लागता थोडा चिकटपणा जाणवला पाहिजे. थेंब दिसत असतील तर थांबा.

शीट दोन्ही हातांनी समोरासमोरच्या कडांना धरा, मधला भाग थोडा झोळीसारखा खाली येऊ द्या. आधी मधला भाग क्रीमला टेकवा, मग दोन्ही बाजू हळूहळू सोडा. अशाने हवा कडेने निघून जाते. एकदा टेकली की सरकवायची नाही. फोटो जरा तिरका बसला तर केकबोर्ड फिरवा, शीट नव्हे. वरून कोरडा बटर पेपर ठेवून तळहाताने मधून कडेकडे हलकेच दाबा. बुडबुडा राहिलाच तर चेहरा सोडून कडेच्या बाजूला बारीक टाचणीने टोचा आणि दाबा. क्रीमवर वेगळं पाणी किंवा जेल लावायची गरज नसते, क्रीमचा स्वतःचा ओलावा पुरतो. दहा-पंधरा मिनिटांत शीट मऊ होऊन चिकटते. त्यानंतरच काठाने पायपिंग करा, म्हणजे कापलेली कड झाकली जाते. ती कड उघडी ठेवू नका, सगळ्यात आधी वाळून वर उठते ती तीच.

फॉन्डंटवर, म्हणजे लाटता येणाऱ्या साखरेच्या गोळ्यावर, लावायची असेल तर मऊ ब्रशने पाण्याचा अगदी पुसट हात किंवा पातळ जेल. ओलं चकाकलं म्हणजे जास्त झालं. चॉकलेट गनाशवर, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणावर, थेट लावू नका. शीट थोडी आरपार असते, खालचा गडद रंग वर येऊन फोटो मळकट दिसतो. तिथे आधी फॉन्डंटची पांढरी चकती किंवा पांढऱ्या क्रीमचा थर द्या.

पुष्कळ बेकऱ्यांत फोटोवरून चमकीसाठी न्यूट्रल, म्हणजे बिनरंगी, जेल फिरवतात. मला ते पटत नाही. जेलमध्ये पाणी आहे, आणि ब्रशचा एक फटका जरा जोरात बसला की डोळ्यांची काजळरेघ गालावर येते. साखरेची शीट क्रीमवर मुरल्यावर स्वतःच पुरेशी छान दिसते.

वेफर पेपर कुठे वापरायचा

कोरड्या पृष्ठभागावर आणि उभ्या सजावटीत. फुलपाखरं हे त्याचं सगळ्यात सोपं रूप. रंगीत नक्षी छापा, कापा, मधोमध हलकी घडी घाला आणि फक्त पोटाचा भाग क्रीमला टेकवा. पंख हवेत राहतात, म्हणून सुरकुतत नाहीत. कुकीवर किंवा पांढऱ्या चॉकलेटच्या चकतीवर लावताना मागून पातळ जेलचा अगदी बारीक थर द्या. क्रीमच्या केकवर वेफर पेपरचा सपाट फोटो लावावाच लागला तर मध्ये पांढऱ्या चॉकलेटची पातळ चकती घाला. चॉकलेटमधल्या चरबीतून पाणी वर चढत नाही.

कपकेकसाठी दोन इंची गोल एका ए४वर पंधरा आरामात बसतात. केकच्या बाजूंना नक्षीची पट्टी लावायची तर ती आयसिंग शीटचीच घ्या आणि घेराचा हिशोब आधी करा. सहा इंची केकचा घेर जवळजवळ १९ इंच, आठ इंचीचा २५. एका शीटच्या लांबीतून ११ इंची पट्टी निघते, म्हणजे सहा इंचीला दोन, आठ इंचीला तीन. पावणेचार इंच उंचीच्या दोन पट्ट्या एका शीटवर मावतात. जोड मागच्या बाजूला घ्या आणि वर एक फूल काढा.

फ्रीज ते समारंभ

फोटो लावल्यावर केक जितक्या लवकर समोर जाईल तितकं चांगलं. मी शक्यतो नेण्याआधी तीन-चार तास लावते, आदल्या रात्री कधीच नाही. फ्रीजमध्ये ठेवताना केक पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पुठ्ठा थोडा ओलावा शोषून घेतो. वरून क्लिंग फिल्म ताणू नका, तिच्या आतल्या बाजूला धरलेलं पाणी फोटोवर टपकतं.

थंड पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून थेंब धरतात, केकचंही तसंच होतं. म्हणून फ्रीजमधून काढल्यावर खोकं लगेच उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं बंदच राहू द्या, दव खोक्यावर धरेल. गिऱ्हाइकालाही हे सांगा, शक्य तर खोक्यावरच लिहून द्या. तरीही फोटोवर थेंब आलेच, तर पुसू नका. टिश्यूचा कोपरा थेंबाला वरून नुसता टेकवा, तो पाणी ओढून घेईल. बाकीचं खोलीच्या हवेत आपोआप वाळू द्या.

सुरी कुठून फिरवायची

हे तंत्राइतकंच महत्त्वाचं आहे आणि ऑर्डर घेतानाच बोलायला हवं. आपल्या घरांत माणसाच्या चेहऱ्यावरून सुरी फिरवणं पुष्कळांना रुचत नाही, थोरामोठ्यांना तर नाहीच. गणपतीचं किंवा शिवाजी महाराजांचं चित्र कापायच्या केकवर मी छापत नाही, तसं आधीच नम्रपणे सांगते. वाढदिवसाच्या मुलाचा फोटो असेल तर तो केकच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवून खाली कापायला जागा सोडता येते.

पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे उचलता येणारी चकती. पाव किलो फॉन्डंटमध्ये एक चहाचा चमचा टायलोज पावडर (फॉन्डंट कडक करणारी पूड) मळा, तीन-चार मिलिमीटर जाड लाटा, फोटोपेक्षा थोडा मोठा गोल कापा आणि सपाट जागी दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात तीन दिवस धरा, आणि मध्ये एकदा उलटा. कडक झाली की वर पाण्याचा पुसट हात फिरवून फोटो बसवा. केकवर ठेवताना खाली त्याच मापाचा पातळ केकबोर्ड घाला, म्हणजे क्रीमचं पाणी चकतीत शिरत नाही.

काकूंच्या सासू-सासऱ्यांचा केक मी शेवटी असाच केला. कापायच्या वेळी काकूंनी चकती दोन बोटांनी उचलली आणि ताटात ठेवली. ती अजूनही आजींच्या कपाटात आहे, बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवलेली. उजेड आणि ओल लागली नाही तर अशी चकती कित्येक महिने तशीच राहते. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची एक पुडी टाकून द्यायला मात्र विसरू नका, आणि ती खायची नाही हे घरातल्या नातवंडांना सांगून ठेवा.